फळी उघडली की ओरडायचं

आमच्या गावात पंधरा ऑगस्टला हरताळ असतो. आता देश स्वतंत्र झाला त्या दिवशी हरताळ कशाला, असा प्रश्न मला कॉलेजला जाईपर्यंत पडलाच नव्हता. अमळनेरला कॉलेजमध्ये मी एका मैत्रिणीला सहज म्हटलं, "पंधरा ऑगस्टला तुमच्याकडे शटर किती वाजता पाडतात?" तर ती माझ्याकडे बघतच राहिली. तेव्हा मला कळलं की हे फक्त आमच्याकडेच आहे.

आमचं गाव अमळनेर आणि शिंदखेड्याच्या मध्ये, बाजाराचं गाव. सकाळी शाळेत झेंडावंदन होतं, जिलेबी वाटतात, मग सगळे पेठेच्या चौकात जमतात. गावात स्पीकर एवढा जोरात असतो की शेजारच्याला काही सांगायचं तर त्याच्या कानात ओरडावं लागतं. आणि मग मंडळाचे अध्यक्ष भाऊ हात वर करतात, स्पीकर बंद होतो, आणि सगळ्या पेठेची शटरं एकदम खाली येतात. धडधडधड. मेडिकल, मोबाईलवाला, चहाची टपरी, सगळं बंद. देखावा संपेपर्यंत कोणी काही विकायचं नाही, कोणी बोलायचं नाही. इंग्रजांच्या काळात आमच्या पेठेने हरताळ पाळला होता म्हणतात, त्याची आठवण. कोणी म्हणतं बेचाळीसला, कोणी म्हणतं त्याच्याही आधी. त्यावरून दर वर्षी टपरीवर भांडण होतं आणि दर वर्षी अर्धवट राहतं.

मग देखावा. आमच्याकडे नाटक कोणी म्हणत नाही, देखावाच. कापसाच्या जिनमधले हमाल काम थांबवतात, व्यापारी दुकानं बंद करतात, मोर्चा निघतो, पोलीस लाठ्या मारतात (लाठ्या थर्माकोलच्या, मागच्या वर्षी एक तुटली तर पोलीसच हसायला लागला). आणि शेवटचा सीन. पोटाला उशी बांधलेला एक शेठ पुठ्ठ्याच्या दुकानाची एक फळी हळूच काढतो, इकडेतिकडे बघतो, आणि पोलिसाला घासलेटचा डबा देतो. फळी निघाली रे निघाली की सगळा चौक ओरडतो, "फितूर! फितूर!" नट नाही, सगळा चौक. खुर्च्यांवरची म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, सगळे. आणि शाळेतली मुलं पळत जाऊन त्या पुठ्ठ्याच्या दाराला काळं फासतात. मी बालवाडीत असल्यापासून ओरडतेय. खूप मजा येते, खोटं कशाला सांगू.

आता अडचण अशी की तो शेठ काही कल्पनेतला नाही. ज्याच्या दुकानाची फळी, ते दुकान त्याच चौकात आहे, देखाव्याच्या स्टेजच्या बरोबर उजव्या हाताला. किराण्याचं. पेठेत सगळ्यांनी शटरं बसवली, या दुकानाला मात्र अजून लाकडी फळ्या आहेत, एकेक खाचेत सरकवून लावायच्या. आणि त्या वेळच्या शेठचा मुलगा, आता म्हातारा, पांढराशुभ्र झब्बा, अजून त्या गल्ल्यावर बसतो. गाव त्यांना शेठजी म्हणतं. त्यांच्या घरातले त्यांना बाबूजी म्हणतात. ते दर पंधरा ऑगस्टला सकाळच्या पहिल्या गाडीने सावद्याला, मुलीकडे जातात. हे सगळ्यांना माहीत. "शेठजी गये का सावदाले?" असं विचारून लोक हसतात, की मग देखावा सुरू करायला हरकत नाही.

आणि आमच्या घरात त्या दुकानातलं मीठसुद्धा येत नाही. का, तर माझ्या आबांचे, म्हणजे आजोबांचे, वडील त्या हरताळात होते. जिनमध्ये हमाल होते आणि मोर्चात पुढे होते, आणि खरं काळं फासलं ते त्यांनीच. आई अजून हरभऱ्याची डाळ आणायला पेठेच्या दुसऱ्या टोकाला जाते. उन्हाळ्यातसुद्धा.

तर, मी सेकंड इयरला असताना आमच्या कॉलेजची एकांकिका जळगावला गेली आणि तिसरी आली. माझं काम पडदा ओढायचं होतं. फक्त पडदा. पण मी स्टेटसला फोटो टाकला, आणि गावात झालं असं की मी नाटक बसवते. जुलैमध्ये मंडळाचे भाऊ घरी आले आणि म्हणाले, "ताई, यंदा देखावा तू बसव. तेच ते बघून लोक कंटाळले. जरा जळगावसारखं कर." मी सांगायला हवं होतं की मी पडदा ओढते. नाही सांगितलं. मला एवढा आनंद झाला होता की मी त्याच संध्याकाळी ग्रुप काढला, त्याला नाव दिलं, डीपी लावला, आणि मग लक्षात आलं की लिहायचं काय ते माहीतच नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेठेतून चालले होते, तर शेठजींनी हाक मारली. "बेटा, इकडे ये."

मी आधी मागे बघितलं. मग आबा कुठे दिसतात का बघितलं. मग ओट्यावर चढले. आयुष्यात पहिल्यांदा. आत धने, गूळ, गोणपाट असा सगळा एकत्र वास येत होता.

"देखावा तू बसवतेस यंदा?"

"हो शेठजी."

"बाबूजी म्हण. शेठजी सगळं गाव म्हणतं." मग गल्ल्यावरून पुढे वाकले. "मी यंदा सावद्याला जाणार नाही. मी खुर्चीवर बसणार. समोर."

मी म्हटलं, "बसा ना."

"दिवाळीनंतर हे दुकान बंद. मुलगा सुरतेला, तो काय येणार नाही. मोबाईलवाल्याने मागितलंय, देऊन टाकणार. मग मीपण सुरतेला." ते हे सगळं असं सांगत होते जसं कोणी पत्ता सांगतं. "जन्मभर या चौकात राहिलो बेटा, आणि पंधरा ऑगस्ट एकदा बघितला नाही. एकदा बघायचाय. पण ते शेवटचं..." आणि हाताने त्यांनी फळी सरकवल्यासारखं केलं. "ते झालेलं नाही."

"म्हणजे तुमच्या वडिलांनी दुकान उघडलंच नव्हतं?"

"दुकान उघडलं नव्हतं. फळी उघडली होती."

मी म्हटलं, "एकच ना?"

ते एवढे चिडले की गल्ल्यावरून उठले. "एकच कसं? तू सांग, खिडकी उघडली म्हणजे घर उघडलं का?" मग कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवलं. ती ज्वारी विकायची नव्हती, कबुतरांची होती. त्यांच्या घरात रीत आहे, सकाळी चौकातल्या कबुतरांना मापटंभर ज्वारी टाकल्याशिवाय कोणी चहासुद्धा घ्यायचा नाही. आजारी असो, सुतक असो, पहाटेची गाडी असो. आणि ती ज्वारी घरी नाही ठेवत, दुकानातच, कारण दाणे धंद्यातून निघाले पाहिजेत. "तर हरताळ किती का दिवस चालेना, कबुतरांना कोण सांगणार? वडील सकाळी यायचे, एक फळी काढायचे, मापटं भरायचे, दाणे टाकायचे, फळी परत. लोकांनी फळी उघडी बघितली. आत कोण बघायला आलं?"

मी घरी पळत गेले. खरंच पळत. माझ्या डोक्यात अख्खा देखावा तयार झाला होता, शेवटी कबुतरं, रडणारे लोक, सगळं. मी ग्रुपवर टाकलं, "फ्रेंड्स मोठा ट्विस्ट आहे!!!" आणि पुढे काही लिहायच्या आत कपडे शिवायला द्यायचे म्हणून चाचांकडे गेले. तिथून सगळं बिघडलं.

चाचा म्हणजे आमचे टेलर, पेठेच्या मागच्या गल्लीत. देखाव्याचे सदरे-टोप्या ते शिवतात, शिलाई घेत नाहीत. मी त्यांना मोठ्या उत्साहाने कबुतरांचं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं नाही. म्हणाले, "सही है. कबुतरांचं सही है. पण पुरं नाही."

"पुरं नाही म्हणजे?"

"माझे दादा, म्हणजे आजोबा, तेव्हा इथेच बसायचे, याच जागी. ते सांगायचे, शेठ फळी उघडायचा, दाणे टाकायचा. मग बायका यायच्या, पदराखाली टोपलं घेऊन. हमालांच्या घरच्या. मर्द हरताळात, मजुरी बंद, बाजार बंद. पोरं तर खाणारच ना. शेठ त्यांनाही मापटं द्यायचा."

"विकायचा?"

"अब देना और बेचना, ये तो अल्लाह जाने." त्यांनी दोरा दाताने तोडला. "दादा म्हणायचे पैसे घेतले नाहीत. पण दादा शेठचा दोस्त होता. त्याने अजून काय सांगावं?"

"आणि घासलेट? पोलिसांना?"

"ते मी नाही ऐकलं. पण म्हणून झालं नाही असं पण नाही." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बेटा, तू देखावा करते का केस चालवते?"

मला तेच कळत नव्हतं. म्हणजे बघा. जर त्याने फळी फक्त कबुतरांसाठी उघडली, तर तो फितूर नाही, सरळ गोष्ट. पण जर बायकांना ज्वारी दिली, तर हरताळ मोडला का? हरताळ म्हणजे काही विकायचं नाही. फुकट दिलं तर चालतं का? आणि जर नाही दिली असती तर हमाल किती दिवस टिकले असते, चौथ्या दिवशी कामावर गेले असते, मग हरताळच मोडला असता. म्हणजे हरताळ मोडला म्हणून हरताळ टिकला? मी हे सगळं एका व्हॉइस नोटमध्ये मैत्रिणीला पाठवलं. तिने फक्त अंगठा पाठवला.

मग उरले आबा. आबांना विचारायला मला भीती नव्हती वाटत, पण आबा या विषयावर एकच वाक्य बोलतात आणि ते मला पाठ आहे. ते अंगणात खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

"आबा, त्या शेठने खरंच घासलेट विकलं होतं?"

"इकं. पोलिसेस्ले इकं. मना बापनी आपला डोयाघाई देखं." म्हणजे विकलं, पोलिसांना विकलं, आणि त्यांच्या बापाने डोळ्यांनी बघितलं.

"घासलेटचा डबा बघितला?"

"फयी उघडी देखी." फयी म्हणजे फळी.

"डबा नाही बघितला?"

"तू काबर इचारी राह्यनी? तुले कोनी शिकाडं?"

मी म्हटलं कोणी नाही शिकवलं. आणि मग मला काय सुचलं माहीत नाही, म्हणजे मी काही हुशारीने नाही विचारलं, मला भूक लागली होती म्हणून असेल. मी विचारलं, "आबा, त्या हरताळात तुमच्या घरात काय खाल्लं?"

"काय खाल्लं म्हंजे? भाकर खादी."

"ज्वारी कुठून आणली? बाजार तर बंद होता. मजुरी पण बंद."

आबांनी हातातली शेंग फोडली नाही. तशीच धरून ठेवली. मी वाट बघत होते की आता ओरडतील. ते दाराकडे बघत राहिले, म्हणजे दारात कोणी आलंय असं. कोणी नव्हतं.

"माले काय माहीत," ते म्हणाले. "मी पायनामा व्हतू." म्हणजे ते तेव्हा पाळण्यात होते.

"तुमच्या आईने कधी सांगितलं नाही?"

"जाय, च्या ठेव."

मी चहा ठेवला. चहा घेऊन आले तर आबा खाटेवर नव्हते. शेंगा तशाच. मागे गोठ्यात जाऊन उभे होते, आमच्याकडे आता म्हैस पण नाही, रिकाम्या गोठ्यात. मी कप तिथेच नेऊन दिला. मला पुढे विचारवेना. अजून मला माहीत नाही की त्यांना काही आठवत होतं, की काहीच आठवत नव्हतं म्हणून ते गप्प होते. तोंडावरून दोन्ही सारखंच दिसत होतं.

पंधरा ऑगस्ट जवळ येत होता आणि माझा शेवटचा सीन लिहिलेला नव्हता. मी बाकी सगळं लिहिलं. मोर्चा मस्त झाला होता, घोषणा, जिनचा भोंगा (आम्ही तो फुग्यातून काढत होतो), एका हमालाला मी लांब भाषण दिलं होतं जे त्याला कधीच पाठ झालं नाही. शेवटच्या सीनच्या जागी मी लिहिलं होतं, "इथे बघू."

भाऊंनी वाचलं. "इथे बघू म्हणजे काय गं ताई?"

"भाऊ, म्हणजे तिथे नक्की काय झालं ते..."

"मला माहीत काय झालं. उशी बांधायची, फळी काढायची, फितूर म्हणायचं. लोक त्याच्यासाठी येतात."

"पण ते नसेल झालं तर?"

"मग फितूर कोण?"

"कोणीच नसेल."

भाऊ माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी मंडळाच्या वर्गणीला नाही म्हटलं. "ताई, कोणीच फितूर नाही, तर देखाव्यात राहतं काय?"

खरंच, काय राहतं? मी म्हटलं, "भाऊ, शेठजी समोर बसणार आहेत यंदा."

भाऊ हळू आवाजात म्हणाले, "कोण म्हणतं?"

"तेच म्हणाले."

"आरं देवा." त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मग उशी राहू दे. फळी पण राहू दे. तू एक काम कर, मोर्चावर संपव. वंदे मातरम् म्हण आणि संपव."

म्हणजे तोडगा निघाला होता. पण मी संध्याकाळी दुकानात जाऊन सांगितलं, "बाबूजी, शेवटचा सीनच काढला," तर मला वाटलं ते खूश होतील, आणि ते म्हणाले, "काढला? का?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"मी काढ नाही म्हटलं. मी म्हटलं, झालं ते दाखव." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सीन काढला की लोक काय म्हणणार? शेठजी समोर बसले म्हणून लाजेने काढला. मग मी बसून काय फायदा? त्यापेक्षा सावद्याला जातो."

"पण बाबूजी, झालं काय तेच मला कळत नाहीये. चाचा वेगळं सांगतात." मी त्यांना बायकांचं सांगितलं. पदराखाली टोपलं, सगळं.

"हे मला वडिलांनी नाही सांगितलं," ते म्हणाले. "आईने पण नाही."

"खरं असेल?"

"असेल. दिलं असेल तर ते सांगायचं नसतं आमच्यात." मग, "आणि विकलं असेल तर तेपण सांगितलं नसतं."

हे ऐकून मी घरी गेले आणि ठरवलं की फळी ठेवायची. उशी नाही, घासलेट नाही, पोलीस नाही. शेठ झालेला मुलगा फक्त फळी काढेल, मापटं हातात घेऊन उभा राहील, आणि संपलं. दाणे कोणाला, ते नाही दाखवायचं. कारण मला माहीत नाही. मी शाळेतल्या मुलांना परत परत बजावलं, "यंदा ओरडायचं नाही. काळं नाही फासायचं. फळी निघाली की गप्प उभं राहायचं." सगळ्यात पुढची मुलगी म्हणाली, "पण ताई, फळी उघडली की ओरडायचं असतं." मी म्हटलं, यंदा नाही. ती म्हणाली, "बरं." मला त्या "बरं"चा तेव्हाच संशय यायला हवा होता.

पंधरा ऑगस्ट. शेठजी खरंच आले. नवा झब्बा, पहिल्या रांगेत, बरोबर मध्ये. त्यांच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या आपोआप रिकाम्या राहिल्या. माझे आबा तिसऱ्या रांगेत, काठी गुडघ्यावर. त्यांनी शेठजींना बघितलं आणि मान वळवली, आणि मग परत बघितलं. ग्रामपंचायतीने आदल्या दिवशीच चौक झाडून खुर्च्या लावून मांडव टाकला होता, आणि पहाटेपासून स्पीकर. माझ्या लक्षात नाही आलं, मला नंतर कळलं, की त्या गोंगाटात कबुतरं खाली उतरलीच नव्हती. शेठजी पहाटे मापटं घेऊन उभे होते आणि कबुतरं वरच्या गच्चीवरून उतरेनात. म्हणजे शेठजी उपाशी येऊन बसले होते. चहासुद्धा नाही.

भाऊंनी हात वर केला. स्पीकर बंद. शटरं पडली, धडधडधड, आणि मग एकदम शांत. दर वर्षी ती शांतता असते, पण मी दर वर्षी मागे पोरांच्या टोप्या नीट करत असते किंवा स्वतःच बडबडत असते. त्या दिवशी मी पडद्याशी उभी होते (शेवटी पडद्याशीच), आणि मला पंखांचा आवाज आला. कबुतरं उतरायला लागली. आधी दोनचार, मग झुंडच. खुर्च्यांच्या आणि स्टेजच्या मधल्या मोकळ्या जागेत. पेठ बंद, गाड्या बंद, आवाज बंद, त्यांना वाटलं असेल सकाळ झाली.

शेठजी उठले. मला वाटलं चालले. ते सरळ आपल्या दुकानाकडे गेले, ओट्यावर चढले आणि खऱ्या दुकानाची खरी फळी काढली. म्हणजे ते विचार करून गेले असं नव्हतंच, पाय आपोआप गेले असतील, रोज जातात तसे. आत हात घालून मापटं भरलं आणि एका हातात मापटं, दुसऱ्या हाताने ती उंच फळी भिंतीला टेकवलेली धरून, असे बाहेर वळले.

आणि ती पुढची मुलगी ओरडली, "फितूर!"

मग सगळी मुलं. "फितूर! फितूर!" मी हात हलवतेय, नाही नाही म्हणतेय, पण माझा आवाज कुठे ऐकू येणार. आणि मागे खुर्च्यांवरही सुरू झालं, हसत, सवयीने, लोकांना वाटलं देखावा सुरू झाला, काय झकास केलंय यंदा, खुद्द शेठजी! कोणीतरी शिट्टी मारली. कबुतरं एकदम वर उडाली. शेठजी ओट्यावर तसेच उभे, हातात मापटं. त्यांचं तोंड मला दिसत होतं. रागावलेलं नव्हतं. त्यांना समजतच नव्हतं काय चाललंय, एवढंच. हातातली फळी तिरकी होत होती.

तेव्हा आबा उठले.

मी खरं सांगते, मला वाटलं आता हे पण ओरडणार. त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "ए पोरेहो! चूप बठा रे! कबुतरे उडी जातीन!"

कबुतरं तर आधीच उडाली होती. पण चौक गप्प झाला. आबा खुर्च्यांतून वाट काढत निघाले, एकाच्या पायावर काठी पडली, तो "आबा, आबा" म्हणतोय, तिकडे लक्ष नाही. ओट्याला दोन पायऱ्या आहेत, त्या चढताना थांबले. मग वर जाऊन दोन्ही हातांनी फळी धरली.

"टाक शेठ," म्हणाले. "मी फयी धरस."

माझ्या आयुष्यात मी आबांना त्या माणसाशी बोलताना ऐकलं नव्हतं.

शेठजींनी दाणे टाकले. ज्वारी फरशीवर पडल्याचा आवाज मागपर्यंत गेला. कबुतरं लगेच नाही आली. सगळे वर बघत बसले. स्टेजवर माझे हमाल आणि पोलीस पण वर बघत बसले. खूप वेळ लागला. मग एक उतरलं, आणि मग बाकीची. कोणी टाळ्या वाजवायला गेलं तर त्याला शेजारच्याने हातावर मारलं. आबा फळी धरून उभे आणि शेठजी रिकामं मापटं धरून उभे, एकमेकांकडे बघत नव्हते, दोघंही कबुतरांकडे बघत होते. मग दोघांनी मिळून फळी खाचेत सरकवली, आणि ती नीट बसेना, तर आबांनी तळहाताने खालून ठोकली. ती कशी बसते हे त्यांना कसं माहीत, हा प्रश्न मला रात्री जेवताना पडला. मी विचारला नाही.

शेठजी परत येऊन आपल्या खुर्चीवर बसले. आबांची जागा तिसऱ्या रांगेत होती. ते पहिल्या रांगेपर्यंत आले, दमले असतील, आणि तिथल्याच रिकाम्या खुर्चीवर बसले.

आता पुढे काय, हे कोणालाच कळेना. भाऊ माझ्याकडे बघतायत, मी भाऊंकडे. शेठ झालेला मुलगा विंगेतून विचारतोय, "ताई, मी काढू का फळी?" मोर्चा नाही झाला, लाठ्या नाही झाल्या, ते लांब भाषण नाही झालं. कोणीतरी चहाच्या टपरीचं शटर उचललं आणि मग एकेक करून सगळीच उचलली गेली. भाऊंनी स्पीकर लावायला सांगितला, कबुतरं उडाली, लोक उठले.

मी पळत शेठजींकडे गेले. मला सॉरी म्हणायचं होतं, मुलांबद्दल. टपरीवरून त्यांच्यासाठी चहा आला होता, आबांसाठी पण. शेठजींनी कप हातात घेतला आणि स्टेजकडे बघत मला विचारलं, "बेटा, सुरू कधी होणार?"

"काय बाबूजी?"

"देखावा."

मी आबांकडे बघितलं. आबा बशीत चहा ओतत होते, माझ्याकडे बघायला तयार नाहीत.

"झाला, बाबूजी," मी म्हटलं.

"झाला?"

"हो. म्हणजे, बहुतेक."

त्यांनी परत स्टेजकडे बघितलं. पुठ्ठ्याचं दुकान तिथे तसंच उभं होतं, फळी लावलेली, काळं न फासलेलं. मग ते आबांना म्हणाले, "शेवट मला कळला नाही."

आबांनी बशी खाली ठेवली. "मालेबी नही," म्हणाले. "च्या पी ले. थंडा व्हई राह्यना."